मतदारयादी कोणाची? पाहण्याचा हक्क आणि नकलेचे मोल



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी जुनी रीत आहे. मी विद्वान नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज मी जो विषय मांडणार आहे तो ग्रंथातून कमी आणि रांगेत उभे राहून अधिक शिकलेला आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

विषय अगदी रुक्ष आहे. मतदारांची यादी कोणी पाहावी, तिची नक्कल कोणाला मिळावी आणि त्या नकलेसाठी किती पैसे द्यावे लागावेत, एवढाच तो प्रश्न. मताच्या हक्कावर भाषणे पुष्कळ होतात. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे ६२ वे कलम सांगते की ज्याचे नाव यादीत नाही त्याला मत देता येत नाही. म्हणजे संविधानाने दिलेला हक्क प्रत्यक्षात एका कागदावरच्या एका ओळीला टांगलेला आहे. ती ओळ आहे की गेली, हे ज्याला पाहता येत नाही त्याचा हक्क दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा समोर बसलेल्या श्रोत्यांपैकी एकालाही कायदेमंडळाचा सभासद निवडण्याचा अधिकार नव्हता. आज या मंडपात बसलेल्या प्रत्येक सज्ञान नागरिकाला तो आहे. मधल्या काळात यादी कशी बदलत गेली, ते थोडक्यात पाहू.

१. चर्चच्या दारावरची यादी

मतदारांची पद्धतशीर नोंदणी विलायतेत सुरू झाली ती १८३२ च्या सुधारणा कायद्याने. त्यापूर्वी मतदानाच्या दिवशीच मतदाराने आपला अधिकार शाबीत करावा अशी चाल होती. नव्या कायद्याने ठरवले की दरवर्षी याद्या तयार व्हाव्यात आणि त्या चर्चच्या दारावर लावाव्यात. रविवारी सगळे गाव प्रार्थनेला जाते, तेव्हा जाहिरातीला त्याहून चांगली जागा कुठली? शिवाय यादीची एक प्रत काही दिवस कोणालाही विनामूल्य पाहू द्यावी आणि छापील प्रती वाजवी किमतीला विकाव्यात, असेही कायद्याने सांगितले.

मात्र त्याच कायद्याने नोंदणीसाठी एक शिलिंग मागितला. यादी पाहणे फुकट आणि यादीत शिरणे विकत! जमीनदाराला शिलिंगाची किंमत ती काय. परंतु जेमतेम अटीत बसणाऱ्या कारागिराला तो शिलिंग खुपत असे. पुढे दोन्ही पक्षांनी आपापल्या नोंदणी संस्था काढल्या. आपल्या माणसाचा शिलिंग भरायचा आणि दुसऱ्याच्या माणसावर हरकत घ्यायची, असा तो उद्योग होता. हरकत घेणाऱ्याला फारसे काही करावे लागत नसे. ज्याच्यावर हरकत आली त्याने कामधंदा सोडून न्यायाधिकाऱ्यापुढे यावे आणि आपला हक्क सिद्ध करावा. तो आला नाही की नाव गेले. यादीवरची लढाई ही निवडणुकीइतकीच जुनी आहे, ती अशी.

विलायतेचे आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या काळी मत उघड बोलून द्यायचे. कोणी कोणाला मत दिले याच्या वह्या ठिकठिकाणी छापून विकल्या जात. घरमालकाने वही विकत घ्यावी, आपल्या कुळाने कोणाला मत दिले ते पाहावे आणि त्याला घराबाहेर काढावे, हे त्या व्यवस्थेत सहज शक्य होते. १८७२ च्या कायद्याने मत गुप्त झाले. तेव्हापासून नियम बसला तो असा की मत गुप्त आणि यादी उघड. मतदार कोण आहेत हे सर्वांना ठाऊक असावे. कोणी कोणाला मत दिले हे कोणालाच ठाऊक नसावे. आजच्या वादात या दोन गोष्टींची वारंवार गल्लत होते, म्हणून मी मुद्दाम इतके मागे गेलो.

२. सारा भरणाऱ्यांची यादी

आपल्याकडे १९१९ च्या कायद्याने जो मताधिकार आला तो मालमत्तेचा होता. किती सारा भरता, किती भाड्याच्या घरात राहता, प्राप्तीवर कर भरता काय, यावर नाव चढे. साऱ्याची नोंद सरकारच्या दप्तरात होतीच. यादी म्हणजे त्या दप्तराची उतारी. चाळीतला कामगार आणि शेतावरचा मजूर त्या दप्तरातच नव्हता, मग यादीत कुठून येणार? १९३५ च्या कायद्याने हे दार थोडे रुंद केले आणि १९३७ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या तीन-साडेतीन कोटींच्या घरात गेली. तरीही बहुसंख्य प्रौढ माणसे बाहेरच राहिली.

माझ्यासारख्याला त्या कायद्यातली एक गोष्ट विशेष वाटते. मुंबई विधानसभेच्या १७५ जागांपैकी ७ जागा कामगारांसाठी होत्या आणि त्यांतल्या काही जागांसाठी नोंदलेल्या कामगार संघटनांचे सभासद हेच मतदार होते. म्हणजे संघटनेची सभासद नोंदवही हीच मतदारयादीचा आधार. वर्गणीची पावती फाडणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातात, त्याला कळो वा न कळो, मताधिकाराची किल्ली आली. वही नीट ठेवली तर कामगाराला मत. वहीत घोळ केला तर ते गेले. हा धडा आम्हा संघटनावाल्यांना पुढे पुष्कळ वेळा गिरवावा लागला. त्याकडे शेवटी येईन.

३. सतरा कोटींची यादी

स्वातंत्र्यानंतर जे काम झाले त्याला तोड नाही. संविधान अजून लिहून व्हायचे होते, तेव्हाच, १९४८ च्या मार्चमध्ये, संविधान सभेच्या सचिवालयाने प्रौढ मताधिकारावर आधारलेल्या याद्या तयार करण्याच्या सूचना प्रांतांना धाडल्या. फाळणीमुळे लक्षावधी निर्वासित इकडे आले होते. त्यांच्याजवळ ना घराचा उतारा, ना अमुक इतके दिवस राहिल्याचा दाखला. अशांनी येथे कायम राहण्याचा आपला इरादा लिहून दिला तर तेवढ्यावर त्यांचे नाव नोंदवावे, असे ठरले. घरदार गमावलेल्या माणसाकडे कागद मागू नये, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा विवेक त्या धामधुमीत सुचला. पुढच्या पिढ्यांनी तो विसरू नये.

सगळीकडे असाच विवेक होता असे मात्र नाही. १५ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडणूक आयोगाचे कलम बदलून संविधान सभेपुढे ठेवले. केंद्रासाठी एक आणि प्रांतांसाठी वेगळे आयोग अशी आधीची योजना होती. त्याऐवजी साऱ्या देशाला एकच आयोग असावा, असा तो बदल. कारण त्यांनी स्पष्ट सांगितले. काही प्रांतांत वंशाने, भाषेने वा संस्कृतीने परक्या वाटणाऱ्या लोकांना यादीबाहेर ठेवण्याच्या सूचना अधिकाऱ्यांना दिल्या जात आहेत, अशा तक्रारी त्यांच्यापर्यंत आल्या होत्या. म्हणजे आजचे ३२४ वे कलम ज्या स्वरूपात आहे त्याच्या मुळाशी यादीतून वगळलेल्या माणसांची तक्रार आहे. त्याच्या पुढचे ३२५ वे कलम सांगते की प्रत्येक मतदारसंघाला एकच सर्वसाधारण यादी असेल आणि धर्म, वंश, जात वा लिंग यांच्या कारणाने कोणीही तिच्यातून वगळला जाणार नाही.

पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटी ३२ लाखांवर नावे होती. त्या टंकलिखित करून मतदारसंघवार लावण्यासाठी सहा महिन्यांच्या कराराने १६,५०० कारकून नेमले होते आणि छपाईला सुमारे ३,८०,००० रीम कागद लागला. त्या हंगामी कारकुनांचे पुतळे कुठे उभे राहिले नाहीत. मी कामगार चळवळीतला माणूस आहे, म्हणून त्यांची आठवण काढल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

त्याच यादीत एक मोठी जखमही होती. पुष्कळ स्त्रियांनी गणना करणाऱ्याला स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढेच लिहिले गेले. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे त्यामुळे गळाली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. सेन यांचा हेतू चांगला होता. बाईला स्वतःचे नाव असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या निवडणुकांत तो फळालाही आला. परंतु त्या २८ लाखांतल्या कितीजणींना आपले नाव गेल्याचे मतदानापूर्वी कळले असेल? यादी टांगली गेली असेल, पण वाचणारे कोण होते? यादी उघडी असणे आणि ती लोकांच्या डोळ्यांखालून जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. हक्क लिहिला, किंमत मोकळी ठेवली

१९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली १९६० साली मतदार नोंदणीचे नियम झाले. ते आजही चालू आहेत. त्यांचा गाभा साधा आहे. आधी प्रारूप यादी प्रसिद्ध करायची, ती पाहण्यासाठी कचेरीत ठेवायची, दावे आणि हरकती यांना मुदत द्यायची, चौकशी करायची आणि मग अंतिम यादी प्रसिद्ध करायची. मान्यताप्राप्त पक्षांना यादीच्या दोन प्रती विनामूल्य द्यायच्या. मग ३३ वा नियम म्हणतो की यादी आणि तिच्याशी संबंधित जपून ठेवलेले कागद पाहण्याचा, तसेच त्यांच्या साक्षांकित नकला घेण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. नकलेची फी मुख्य निवडणूक अधिकारी ठरवतील.

या नियमातला ‘प्रत्येक माणसाला’ हा शब्द फार मोलाचा आहे. तेथे ‘मतदाराला’ असे म्हटलेले नाही आणि ‘उमेदवाराला’ असेही नाही. परंतु वाक्याच्या शेवटी फीचे कलम आले आणि फी किती असावी याचे माप नियमात दिले नाही. ज्या पक्षाजवळ पैसा आहे त्याला प्रत फुकट. ज्या कामगार संघटनेजवळ, महिला मंडळाजवळ वा झोपडपट्टीतल्या तरुण मंडळाजवळ पैसा नाही त्यांना ती विकत. कायदा करणाऱ्यांच्या मनात हा अन्याय होता असे मी म्हणत नाही. निवडणूक म्हणजे पक्षांचा मामला, असे त्यांनी गृहीत धरले असावे. परंतु यादी ही पक्षांची नव्हे, माणसांची असते.

त्याच १९६० साली अमेरिकेत या प्रश्नाने वेगळे वळण घेतले. मिसिसिपी राज्यात नोंदणी अधिकारी अर्जदाराला राज्याच्या घटनेतले एखादे कलम काढून देई आणि त्याचा अर्थ लिहायला सांगे. गोऱ्याला सोपे कलम, काळ्याला अवघड. शिकलेले काळे लोकही नापास होत. हे सिद्ध कसे करायचे? दोघांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवूनच. पण ते अर्ज त्याच अधिकाऱ्याच्या कपाटात होते. १९६० च्या नागरी हक्क कायद्याने नोंदणीचे सगळे कागद २२ महिने जपून ठेवण्याची सक्ती केली आणि केंद्राच्या महान्यायवाद्याला ते पाहण्याचा व त्यांच्या नकला घेण्याचा अधिकार दिला. फॉरेस्ट परगण्याच्या नोंदणी अधिकाऱ्याने कागद दाखवण्याचे नाकारले, तेव्हा प्रकरण न्यायालयात गेले आणि १९६२ साली निकाल सरकारच्या बाजूने लागला. अशा अर्जांच्या छायाचित्रांतून पक्षपात डोळ्यांना दिसू लागला. १९६५ च्या मताधिकार कायद्यामागे हुतात्म्यांचे रक्त आहे, तशी ही कपाटातून बाहेर काढलेली कागदपत्रेही आहेत. पुढे १९९३ च्या कायद्याने तेथे नोंदणीच्या कामकाजाचे कागद सर्वसाधारण नागरिकालाही पाहण्याचा हक्क दिला आणि नकलेचे मोल वाजवी असावे असे कायद्यातच लिहून ठेवले.

५. वहीत उतरवलेली यादी

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वीची. आमच्या संघटनेत यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार बाया होत्या. त्यांची एक जुनी वस्ती रस्तारुंदीत उठली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. निवडणूक जवळ आली तेव्हा कुणकुण लागली की वस्तीतली पुष्कळ नावे कटली आहेत. आम्ही एका कचेरीत गेलो आणि यादी मागितली. कारकून म्हणाला, “पाहायची तर पाहा. नक्कल पाहिजे तर पानामागे पैसे पडतील, चलन भरून या.” पानांचा हिशेब केला तो आमच्या पेटीतल्या शिलकीहून जास्त झाला. चलन भरायला आणखी दुसरी कचेरी आणि दुसरी रांग. म्हणजे फीच्या जोडीला एका माणसाचा खाडा.

मग ठरवले की पाहण्याचा हक्क आहे ना, तर पाहू आणि लिहून घेऊ. शाळेच्या दोनशे पानी वह्या आणल्या. सात जण पाळीपाळीने बसलो. रात्रपाळी करून आलेले दोघे तर लिहिता लिहिता पेंगायचे. कारकुनाने पहिल्या दिवशी तोंड वाकडे केले, दुसऱ्या दिवशी बाकडे सरकवून दिले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःचा चहा अर्धा करून दिला. तोही बिचारा पगारी नोकर. तीन दिवसांत वस्तीचा भाग उतरवून झाला आणि घरोघर जाऊन ताळा केला. एकशे सदतीस माणसे जिवंत, हजर, त्याच शहरात राहणारी, पण यादीत नाहीत.

त्यांतली एक विडी कामगार बाई होती. साठी ओलांडलेली, आम्ही तिला मावशी म्हणत असू. तिच्या नावापुढे मयत असा शेरा होता. मी तिला साहेबांपुढे उभे केले. मावशी शांतपणे म्हणाली, “साहेब, मी मेलेली असेन तर माझा फंड तरी माझ्या पोरीच्या हातावर ठेवा. आणि जित्ती असेन तर माझं नाव लिहा.” सगळी कचेरी हसली, साहेबही हसले. हसण्याने नाव मात्र परत येत नाही. नव्याने अर्ज करावा लागतो.

नंतर कायदा वाचताना मला कळले की मयत या शेऱ्याचा धाक केवढा आहे. १९५० च्या कायद्याचे २२ वे कलम सांगते की माणूस स्थलांतरित झाला किंवा अपात्र आहे म्हणून नाव काढायचे असेल तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. मृत्यूच्या कारणाला ही अट नाही. बरोबरच आहे, मेलेल्याला नोटीस कशी द्यायची? परंतु जिवंत माणसाला चुकून वा जाणूनबुजून मयत लिहिले तर त्याला विचारणारे कोणी उरत नाही. त्याला वाचवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याने वा त्याच्या शेजाऱ्याने ती यादी वेळेत पाहणे.

वेळेत, हा शब्द मी पुन्हा उच्चारतो. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादीत काहीही बदल करता येत नाही, असे २३ वे कलम आहे. नकलेच्या पैशांची जमवाजमव, मग वह्या, मग ताळा, यात आमचे जे दिवस गेले ते गेले. एकशे सदतीसांपैकी निम्म्याहून थोडे अधिक आत आले. मावशीचे नाव त्या वेळी आले नाही. पुढच्या निवडणुकीत तिने मत दिले आणि शाई लावलेले बोट मला दाखवायला कचेरीत आली. पण त्या खेपेचे मत बुडाले ते बुडालेच. फी किती असावी या प्रश्नाचे मला त्या दिवशी उत्तर मिळाले. फी फक्त रुपयांत मोजायची नसते; ती बुडालेल्या रोजात आणि गेलेल्या दिवसांतही मोजायची असते.

६. यंत्रातली यादी

पुढे काळ बदलला. २००५ चा माहितीचा अधिकार आला. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपये आणि नकलेला पानामागे दोन रुपये असा दर ठरला, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाकडून फी घेऊ नये असे कायद्यानेच सांगितले. या कायद्याची बीजे राजस्थानातल्या मजुरांच्या लढ्यात होती, हे सांगताना मला अभिमान वाटतो. १९९० नंतरच्या दशकात मजूर किसान शक्ती संघटनेने दुष्काळी कामांचे हजेरीपट मागितले. त्या हजेरीपटांतही मेलेल्या माणसांची नावे सापडत. तेथे मेलेले मजुरी घेत होते, आमच्याकडे जिवंत मेलेले ठरत होते. दोन्हीकडे औषध एकच, यादी चव्हाट्यावर वाचणे.

मतदारयाद्याही संगणकाच्या पडद्यावर विनामूल्य दिसू लागल्या. आता नकलेचा प्रश्न मिटला, असे आम्हांला वाटले. तो मिटला नाही. १७ एप्रिल २०१४ रोजी पुण्यात लोकसभेचे मतदान झाले तेव्हा अनेक जुने मतदार ओळखपत्र हातात घेऊन केंद्रावर गेले आणि नाव नाही म्हणून परत आले. निदर्शने झाली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. ती मंडळी अडाणी वा गरीब नव्हती. आपले नाव असणारच, या भरवशावर त्यांनी यादी पाहिली नव्हती.

२०१८ साली दुसरा प्रश्न आला. पडद्यावरची यादी चित्राच्या रूपात होती. डोळ्यांनी वाचता येई, पण यंत्राने शोधता येत नसे. एकच नाव दहा ठिकाणी आहे काय, हे हजारो पाने चाळल्यावाचून कळणे कठीण. मध्य प्रदेश आणि राजस्थान यांच्या निवडणुकांपूर्वी शोधता येण्याजोगी यादी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाले. मतदारांच्या माहितीचा गैरवापर होईल, असे आयोगाचे म्हणणे होते. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला. अर्जदाराला पाहिजे तर त्याने स्वतःच्या श्रमाने यादी तशा रूपात आणावी, असा निकालाचा आशय होता. तो वाचताना मला आमच्या दोनशे पानी वह्या आठवल्या. ज्याच्याजवळ पैसा आहे तो श्रम विकत घेईल. ज्याच्याजवळ नाही तो पुन्हा वही घेऊन बसेल. फीचे नाव बदलले, फी राहिली.

आणि मग २०२५ चा बिहार. तेथे याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण झाले. आधी ७ कोटी ८९ लाख मतदार होते. १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ७ कोटी २४ लाख उरले. सुमारे ६५ लाख नावे कमी झाली. कोणाची आणि का, याची वेगळी यादी प्रसिद्ध करण्याचे बंधन नियमांत नाही, असे आयोगाने न्यायालयात सांगितले. नियमाच्या अक्षरावर ते टिकलेही असते. परंतु १४ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की वगळलेल्या सर्वांची नावे कारणांसह प्रसिद्ध करा, ओळखपत्राच्या क्रमांकावरून शोधता येतील अशी ठेवा आणि पंचायतींच्या कचेऱ्यांतही लावा. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख नावे होती. पुनरीक्षणाच्या बऱ्यावाईटाचा निवाडा मी येथे करत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की आपले नाव का गेले, हे माणसाला फुकट, त्याच्या गावात, कारणासह कळले पाहिजे, हे तत्त्व त्या आदेशाने उचलून धरले. चर्चच्या दारावर लावलेली यादी जवळजवळ दोनशे वर्षांनी पंचायतीच्या भिंतीवर आली.

७. आमच्या कपाटातली वही

श्रोत्यांपैकी कोणी विचारतील की सगळेच उघडे टाकायचे काय? एकट्या राहणाऱ्या बाईचा पत्ता, नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दुसरीकडे गेलेल्या लेकीचा पत्ता, सगळे चव्हाट्यावर? प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला एक कबुली दिली पाहिजे.

१९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात २० वे कलम होते. संघटनेचे हिशेब आणि सभासदांची यादी कोणत्याही सभासदाला पाहता यावी, असे ते सांगे. वह्या उतरवण्याच्या त्या प्रसंगानंतर दोनतीन वर्षांनी आमचाच एक सभासद माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, सभासदांची वही जरा बघू द्या.” मी त्याला वाटेला लावले. मनात म्हटले, हा मालकाचा माणूस असेल. यादी मालकाच्या हातात गेली तर उद्या दहा जणांना कामावरून कमी करतील. माझी भीती निराधार नव्हती. तसे घडलेले मी पाहिले होते. पण तो मालकाचा माणूस नव्हता. त्याची वर्गणी घेतली होती आणि नाव चढवलेले नव्हते, एवढीच त्याची शंका होती. ती खरी निघाली. ज्या कचेरीविरुद्ध मी तावातावाने बोलत असे तिच्यात आणि माझ्यात त्या दिवशी फरक राहिला नव्हता. कचेरी निदान बाकडे सरकवून देत होती.

त्या प्रसंगाने मला शिकवले की गुप्ततेचे कारण खरे असले तरी त्याचा उपयोग बहुधा कपाटाची किल्ली ज्याच्याजवळ आहे त्यालाच होतो. म्हणून यादी दाखवावी की नाही, असा प्रश्न न करता कोणाला, कशासाठी आणि काय दाखवावे, असा तो केला पाहिजे. सभासदाला वही दाखवायची, मालकाला विकायची नाही.

विलायतेत हाच मार्ग काढला गेला. तेथे मतदारयादी व्यापारी कंपन्यांना विकली जात असे. वेकफील्डच्या एका मतदाराने त्याला हरकत घेतली आणि २००१ साली उच्च न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली. त्यानंतर दोन याद्या झाल्या. पूर्ण यादी निवडणुकीच्या आणि कायद्याने ठरवलेल्या इतर कामांसाठी. नागरिकाला ती देखरेखीखाली पाहता येते, पण टिपणे हातानेच काढावी लागतात. दुसरी यादी कोणालाही विकत मिळते. मतदाराला तिच्यातून आपले नाव काढून घेता येते. तिची किंमतही नियमातच बांधून दिली आहे. यंत्रावर घेतल्यास २० पौंड आणि वर हजार नावांमागे दीड पौंड. छापील घेतल्यास १० पौंड आणि हजार नावांमागे ५ पौंड. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. कर्जदारांची पत तपासणाऱ्या कंपन्यांना पूर्ण यादी मिळते, यावर तेथेही टीका होते. परंतु किंमत कचेरीतल्या माणसाच्या मनावर सोडलेली नाही, हा गुण आपण घ्यावा.

माझे मागणे थोडके आहे. यादी पाहणे सर्वत्र विनामूल्य असावे; तसे ते कायद्याने आहेच, व्यवहारातही असावे. नकलेचे मोल कागद आणि शाई यांच्या खर्चाहून अधिक नसावे आणि ते नियमातच लिहिलेले असावे. आपल्या भागाची यादी मागणाऱ्या नागरिकांच्या संस्थेला पक्षांप्रमाणेच एक प्रत फुकट मिळावी. वगळलेल्या नावांची यादी कारणासह वस्तीत लागावी, आणि ती बिहारपुरती वा न्यायालयाच्या एखाद्या आदेशापुरती न राहता नियम म्हणून लागावी. छायाचित्रे आणि नडलेल्या माणसांचे पत्ते राखून ठेवावेत आणि व्यापाराला यादी देऊ नये.

हे सगळे सरकारने आणि आयोगाने करायचे. आपण करायचे ते याहून सोपे आहे. पुढची प्रारूप यादी लागेल त्या दिवशी घरातल्या एकाने जाऊन ती वाचावी. आपले नाव पाहून परत फिरू नये. शेजारच्या म्हातारीचे, भाड्याने राहणाऱ्या बिऱ्हाडाचे आणि पलीकडच्या झोपडीतल्या कामगाराचेही पाहावे. मावशीच्या नावापुढचा शेरा तिच्या एकाही शिकलेल्या शेजाऱ्याने वेळेत वाचला असता, तर आम्हांला सात माणसे, तीन दिवस आणि चार वह्या लागल्या नसत्या. त्या वह्या अजून आमच्या कचेरीत आहेत. कपाटाला आता कुलूप नाही. ज्याला पाहायच्या असतील त्याने यावे. फी पडणार नाही.